मंडळापुढचा बोकड

"हे इमारतीच्या डोक्यावर काय काढलंय?" डेल्फिनाने विचारले.

"मनोरा," ऑर्विल टँगेन म्हणाला.

"ते दिसतंय. पण कशाला?"

"बोकड आहे तो."

"अच्छा." डेल्फिनाने कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि नकाशावर वाकली. बराच वेळ बघत राहिली. मग मान हलवून म्हणाली, "फार देखणा झालाय, ऑर्विल. बळी द्यायच्या बोकडाला कुणी एवढं गोंजारतं का?"

"गोंजारलं कुठे? छपराचा उतार जरा बसत नव्हता, तो बसवला."

"कशाला बसवला? बोकडाचा उतार बसला नाही तर कुणाचं काय बिघडणार होतं?"

ऑर्विलने खोडरबराची भुकटी नकाशावरून झटकली. पासष्टी ओलांडलेल्या या माणसाला बऱ्याच गोष्टी जमत नसत, पण वाईट रेघ मारणे त्याला कधीच जमले नाही.

बोकडाचे जरा सांगायला हवे. आमच्या पोर्ट हॅलममध्ये दोन मजल्यांहून उंच काहीही बांधायचे तर आधी नकाशे घेऊन पालिकेच्या डिझाइन मंडळापुढे उभे राहावे लागते. मंडळात पाच माणसे. पगार नाही, मानधन नाही. थर्मासातली कॉफी आणि कुणीतरी घरून आणलेली बिस्किटे. एवढा त्याग करून जो माणूस संध्याकाळभर घडीच्या खुर्चीवर बसला, त्याला 'सगळे छान आहे' एवढे बोलून घरी जाणे जिवावर येते. काहीतरी काढायला लावले, काहीतरी हलवायला लावले, तरच बसल्याचे चीज झाल्यासारखे वाटते. गावातले सगळे आर्किटेक्ट हे ओळखून होते. म्हणून नकाशात मुद्दाम डोळ्यांत खुपणारी एक गोष्ट घालायची. मंडळ तिच्यावर तुटून पडते, आपण पडेल चेहऱ्याने ती काढायला कबूल होतो आणि बाकीची इमारत धडधाकट घरी नेतो. या गोष्टीला धंद्यात बोकड म्हणत.

ऑर्विलने आयुष्यात तऱ्हेतऱ्हेचे बोकड कापायला दिले होते. दवाखान्याच्या दारावर तांब्याचा सॅमन मासा, बँकेला गुलाबी खांब, अग्निशमन केंद्राला ज्वाळांच्या आकाराची गच्ची. सगळे व्यवस्थित कापले गेले. पण वर्षे गेली तसे मंडळही शहाणे झाले. बोकड खाऊन त्याचे पोट भरेना. बोकड झाला की ते इमारतीकडे वळे. आणि इमारतीबद्दल मंडळाचे म्हणणे कायम एकच असे: भार तोडा. लांब इमारत लांब दिसता कामा नये, उंच असेल ती उंच दिसता कामा नये, आणि नवी असेल ती नवी दिसता कामा नये. मग एका भिंतीला चार खाचा पडत, तीन रंग चढत, खाली विटा, मध्ये पत्रा, वर लाकडासारखे दिसणारे काहीतरी. तीन दुकानांतले कापड एकाच माणसाच्या अंगावर शिवल्यासारख्या या इमारती गावभर उभ्या राहिल्या. त्यांतल्या कितीतरी ऑर्विलच्या होत्या.

मंडळ वाईट नव्हते, हे इथेच सांगतो. वाईट असते तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या. अध्यक्ष ग्रेचेन पॉल्क लोकांच्या बागा आखून द्यायची आणि कुणाच्या घरी मयत झाली की सर्वांत आधी हिचे जेवणाचे भांडे पोचायचे. लाइल नावाचा दंतवैद्य होता, तो गरिबांचे दात फुकट काढायचा. अशा माणसांशी भांडायचे कसे?

मागल्या उन्हाळ्यात ऑर्विलची मुलगी मिनियापोलिसहून आली होती. तिच्या धाकटीने हट्ट धरला, आजोबांच्या इमारती दाखवा. ऑर्विलने दोघींना गाडीत घातले आणि गावातून फिरवले. इथून डावीकडे, तिथून उजवीकडे, परत डावीकडे. गाडी कुठेच थांबली नाही. शेवटी धक्क्यावर नेऊन आइस्क्रीम खायला घातले आणि पाण्यात एक सील दाखवला. घरी आल्यावर धाकटी आईला म्हणाली, "आजोबांनी सील छान बांधलाय." मुलगी हसली. ऑर्विलही हसला. पण त्या दिवसापासून त्याच्या मनाने एक गोष्ट घेतली. उजव्या हाताला कंप सुटू लागला होता. आणखी एखादे काम, मग ऑफिस बंद. ते एक तरी असे व्हावे, की गाडी थांबवून बोट दाखवता येईल.

आणि तेवढ्यात जून हिराओका त्याच्या ऑफिसात आली.

गावात हिराओका ड्रायक्लीनर्स नव्हते असा काळ कुणाला आठवत नाही. सासऱ्याने काढलेले, नवऱ्याने चालवलेले आणि नवरा गेल्यावर जूनने एकटीने रेटलेले ते दुकान गुडघ्यांनी नाही म्हटल्यावर बंद झाले होते. जागा कोपऱ्यावरची होती. तिथे चार मजली इमारत बांधायची, फ्लॅट भाड्याने द्यायचे आणि एकात आपण राहायचे, असा तिचा बेत होता. तोवर ती भाचीकडे तळघरातल्या खोलीत राहत होती. त्या खोलीत पायांत मोजे आणि अंगात कोट घालून टीव्ही बघावा लागे.

"मला साधी इमारत हवी बघ, ऑर्विल," ती म्हणाली होती. "आयुष्यभर मी शर्टं केली. इस्त्री नीट बसली असेल ना, तर शर्टाला झालर लावायची वेळ येत नाही."

ऑर्विलने तिच्याकडे असे पाहिले, की डेल्फिना पुढे कितीतरी दिवस त्याला चिडवत होती.

त्याने इमारत काढली ती अशी: सरळ विटांची, सगळ्या खिडक्या एका मापाच्या, मोठ्या, एकीखाली एक. खिडक्या भिंतीत खोल बसवलेल्या, म्हणजे उन्हाची तिरीप आली की प्रत्येकीला आपली सावली. बस्स. कोपऱ्यावर जिना, रस्त्याकडे काच लावून, उजेडातला. म्हणजे म्हाताऱ्या माणसालाही लिफ्ट सोडून जिन्याने जावेसे वाटावे. डेल्फिना त्याच्याकडे बरीच वर्षे काम करत होती आणि कौतुक करण्याचा तिचा स्वभाव नव्हता. तो नकाशा बघून तिने लाल पेन्सिल परत खोक्यात ठेवली. ऑर्विलला तेवढे पुरे होते.

अशा इमारतीला बोकडही तोलामोलाचा हवा. म्हणून जिन्याच्या कोपऱ्यावर मनोरा.

मंडळाची बैठक संध्याकाळी, बाहेर आमच्याकडची ती बारीक, कंटाळवाणी झिमझिम. पहिल्या रांगेत जून, शेजारी डेल्फिना. मागे क्लाइड. क्लाइड हा नागरिक आहे. तो प्रत्येक बैठकीला येतो.

ऑर्विलने नकाशे मांडले, थोडे बोलला आणि बसला. ग्रेचेनने बिस्किटाचा डबा बाजूला सारला.

"ऑर्विल, आधी मला कोपऱ्यावरच्या या गोष्टीबद्दल बोलायचंय."

ऑर्विलने चेहरा पाडायला घेतला. सवयीचा होता, आधी भुवया, मग गाल.

"फार सुंदर आहे," ग्रेचेन म्हणाली.

चेहरा अर्ध्यावरच थांबला.

"मी परवापासून नवऱ्याला सांगतेय, या गावात शिरताना कळतच नाही आपण शिरलो ते. आता कळेल."

"खरंय," लाइल म्हणाला. "समोरचा दात नसलेल्या माणसासारखा होता तो कोपरा. आता हसल्यासारखा दिसेल."

ऑर्विल उभा राहिला. "मला स्वतःला तो जरा जास्तच वाटतो. मंडळाचं म्हणणं असेल तर काढून टाकतो. लगेच."

"तुमचा हाच विनय आम्हाला आवडतो," लाइल म्हणाला.

"विनय नाही हो. खरंच काढू या."

"ऑर्विल," ग्रेचेन मायेने म्हणाली, "आपल्या चांगल्या कामाला असं लाजू नये."

डेल्फिनाने हातातल्या कागदाने तोंड झाकून घेतले. ती हसत होती की नाही, ते मागून कळत नव्हते.

"उरलेल्या इमारतीचं मात्र बघायला हवं," ग्रेचेन पुढे म्हणाली. "मनोरा इतका बोलका आहे, आणि बाकीची भिंत गप्पच. खिडक्या सगळ्या सारख्या. माणसाला वाटतं, पुढे काहीतरी होईल, आणि काही होतच नाही."

"भार तोडायला हवा," लाइल म्हणाला.

"नागरिकांना काही बोलायचंय?"

क्लाइड उठला. "मला तुरुंगासारखं वाटतंय. आणि गाड्या कुठे लावणार?" क्लाइड दर बैठकीत हेच म्हणतो. मुलांच्या बागेत घसरगुंडी बसवायची होती, तेव्हाही हेच म्हणाला होता. पण मंडळाने नागरिकांचे ऐकायचे असते, म्हणून चौघांनी 'तुरुंग' हा शब्द लिहून घेतला.

मग सूचना सुरू झाल्या. मनोरा थोडा उंच करावा, लांबून दिसेल. मनोऱ्याला मान द्यायचा तर बाकीच्या इमारतीने थोडे अंग चोरावे. दर्शनी भिंत तीन तुकड्यांत करावी, तीन वेगळ्या इमारती वाटतील. खिडक्या लहानमोठ्या कराव्या, म्हणजे खेळकर वाटेल. मनोऱ्याचा पाया कोपऱ्यात बसतो, तर जिना मध्ये न्यावा, नाहीतरी लोक लिफ्टनेच जातात. विटांचा खर्च वाढत असेल तर त्या मनोऱ्यापुरत्या ठेवून बाकी पत्रा चालेल. मनोऱ्यावर घड्याळ किती शोभेल! वर वाऱ्याची दिशा दाखवायला एक बगळा. प्रत्येक सूचना सौम्य, प्रत्येकाच्या मागे-पुढे 'आम्हाला आपलं वाटतं' लावलेले.

"यावर दहा मिनिटं थांबू या," ग्रेचेन म्हणाली. "मग मत घेऊ."

व्हरांड्यात पाण्याच्या यंत्राजवळ तिघे उभे राहिले.

"सांगून टाका ना," डेल्फिना दबक्या आवाजात म्हणाली. "सांगा, बोकड होता तो."

"काय सांगू? की गेली तीस वर्षं तुम्हाला बोकड चारत आलोय, आणि आज तुम्ही तो मारायच्या ऐवजी घरात बांधून घेताय?"

"मग मागे घ्या नकाशे. नवीन काढू. मनोरा नाही, काही नाही."

"परत नंबर कधी लागेल?"

"वसंतात," डेल्फिना म्हणाली आणि तिची नजर जूनकडे गेली.

जून भिंतीला टेकून एक पाय उचलून धरून उभी होती. बोकडाचा अर्थ तिला एव्हाना कळला होता. आयुष्यभर काउंटरमागे उभे राहिलेल्या बाईला न सांगितलेलेच आधी ऐकू येते.

"ऑर्विल, खरं सांग," ती म्हणाली. "ही इमारत तुला पाहिजे होती ना?"

"इमारत तुमची आहे, जून."

"ते मला माहितेय. मी काय विचारलं?"

ऑर्विलने पाण्याचा पेला यंत्राखाली धरला.

"मग घे मागे. मी थांबते. वसंत काही लांब नाही."

"बँक थांबेल?"

"बँकेचं मी बघीन."

बँक थांबणार नव्हती, हे तिघांनाही ठाऊक होते. आणि दुसऱ्या पायावर भार देताना जूनने ओठ आवळलेले ऑर्विलने पाहिले. तिच्या कोटाला तळघराचा वास येत होता. ज्या बाईने सगळ्या गावाचे कपडे स्वच्छ करून दिले, तिच्या कोटाला.

"मनोरा तितका वाईट नाहीये," ऑर्विल म्हणाला. "उतार नीट बसलाय त्याचा."

आत जाऊन त्याने सगळ्या सूचना मान्य असल्याचे सांगितले. मतदान एकमताने झाले. ग्रेचेनने खुर्चीतून उठून त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. "इतक्या मोकळ्या मनाने ऐकणारा आर्किटेक्ट मी पाहिला नाही," ती म्हणाली, आणि ते खरेच होते.

इमारत वर्षभरात उभी राहिली. मनोऱ्यातले घड्याळ खर्चात बसेना म्हणून काढले, पण घड्याळासाठीची गोल पांढरी तबकडी मंजूर नकाशात होती, तेव्हा ती ठेवावी लागली. पहिल्या महिन्यात लोक रस्त्यातून जाताना मान वर करून वेळ बघत, मग आपले मनगट बघत. आता कुणी वर बघत नाही. बगळा मात्र आहे. गंजून त्याचे तोंड पूर्वेच्या डोंगरांकडे अडकले आहे. वारा कुठूनही येवो, बगळ्याला तो पूर्वेचाच वाटतो.

त्याच वर्षी पालिकेने इमारतीला सुंदर वास्तूचे पारितोषिक दिले. समारंभात ग्रेचेन म्हणाली, की आर्किटेक्ट आणि मंडळ हातात हात घालून चालले तर काय होऊ शकते ते इथे दिसते. ऑर्विलने काचेची ढाल घेतली, आभार मानले, आणि बायको वारल्यापासून कुणीच इस्त्री न केलेल्या कोटाच्या खिशात ती मावत नाही म्हणून काखेत धरून ऑफिसात आणली. डेल्फिना म्हणाली, "कुठे ठेवू?" तो म्हणाला, "तुझ्याकडे राहू दे." तिने ती प्रिंटरच्या कागदांवर वजन म्हणून ठेवली. तिथे ती कामाची निघाली.

पुढे एक गंमत झाली. मंडळाने आपल्या नियमांत नवीन कलम घातले: कोपऱ्यावरच्या इमारतींनी लक्ष वेधणारा उंच घटक द्यावा. गावातल्या बाकीच्या आर्किटेक्टांना एवढा इशारा पुरे होता. पेट्रोलपंपासमोर एक मनोरा आला, शाळेच्या पलीकडे एक, आणि जनावरांच्या दवाखान्यावर तर दोन. त्यांचे उतार बसलेले नाहीत.

"तुमचं घराणं निघालं की," डेल्फिना म्हणाली.

"बोकडाचं," ऑर्विल म्हणाला. त्या दिवशी तो लवकर घरी गेला, आणि महिन्याभरात त्याने ऑफिसची किल्ली डेल्फिनाला देऊन टाकली. ती आता शेजारच्या गावात गोदामांचे नकाशे काढते. गोदामांना मंडळ लागत नाही. गोदामे फार छान होतात म्हणे.

जून तिसऱ्या मजल्यावर राहते. तिच्या वाट्याला खेळकर खिडक्यांपैकी लहान आली. उभे राहिले तर आकाश दिसते, बसले तर भिंत. ऑर्विल तिला भेटायला गेला, की ती तांदळाचे कुरकुरीत चिप्स आणि चहा पुढे करते.

"उजेड जरा कमीच आहे, नाही?" तो एकदा म्हणाला.

"कोरडी आहे की खोली," जून म्हणाली. "मला आणखी काय पाहिजे?" मग जरा थांबून, "जिन्याने येऊ नकोस. काळोख असतो. पडशील."

गेल्या मंगळवारी तो गेला तेव्हा जून घरी नव्हती. भाची तिला डॉक्टरकडे घेऊन गेली होती. परत जाताना समोर रस्त्यात खोदकाम चालू होते, म्हणून तो मागल्या गल्लीतून निघाला. इमारत पुरी झाल्यापासून या बाजूला त्याचे येणे झाले नव्हते. येण्यासारखे तिथे काही नसते: विजेचे मीटर, कचऱ्याचे मोठे हिरवे डबे, कुणीतरी टाकलेली एक गादी.

मंडळ फक्त रस्त्याकडच्या बाजू बघते. गल्ली त्याच्या अखत्यारीत येत नाही.

विटा आधीच आलेल्या होत्या आणि भट्टीवाला परत घेईना, तेव्हा त्या ठेकेदाराने मागे लावून टाकल्या होत्या. मागच्या बाजूचा नकाशा बदलायला कुणी सांगितलेच नव्हते, म्हणून तो तसाच राहिला होता. खालपासून वरपर्यंत सरळ विटांची भिंत. खिडक्या एका मापाच्या, मोठ्या, एकीखाली एक, भिंतीत खोल. पावसाने विटा ओल्या होऊन गडद झाल्या होत्या आणि खिडक्यांच्या कडा मात्र कोरड्या, फिक्या राहिल्या होत्या. दुसऱ्या मजल्यावर एक बाई खिडकीत बसून नखे कापत होती. तिच्या खांद्यावर सगळा उजेड पडला होता.

ऑर्विल गादीला वळसा घालून थोडा मागे सरकला, आणखी थोडा, पलीकडच्या कुंपणाला पाठ लागेपर्यंत. तरी भिंतीचा खालचा भाग दिसेना. पुढे डब्यांची रांग होती.

गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याचा ट्रक वळला. ड्रायव्हरने काच खाली केली.

"काही हरवलंय का, काका?"

"नाही."

"मग जरा बाजूला व्हा. डबे घ्यायचेत."

"मी ढकलू का?"

"अहो, कपडे खराब होतील."

"होऊ देत."

ड्रायव्हरने खांदे उडवले. ऑर्विलने पहिल्या डब्याची मूठ धरली आणि तो भिंतीपासून ओढून ट्रकपुढे आणला. मग दुसरा. मग तिसरा. ट्रकच्या लोखंडी हातांनी एकेक डबा उचलला, वर नेला, उपडा केला. शेवटचा डबा हवेत असताना भिंत जमिनीपर्यंत मोकळी झाली. विटांची सगळ्यांत खालची रांग फरशीला सरळ टेकली होती.

डबा धाडकन खाली आला.

"झालं, काका," ड्रायव्हर म्हणाला आणि ट्रक पुढे निघून गेला.

ऑर्विलने डबे एकेक करून परत भिंतीशी नेले, आणि लोकांना धरायला सोपे जावे म्हणून सगळ्यांच्या मुठी बाहेरच्या बाजूला करून ठेवल्या.